मशीन देण्याआधी पाण्याचे बघा



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे तालुक्याच्या गावच्या डायलिसिस केंद्राला कारखान्यातर्फे दोन नवीन मशिने भेट देण्याचा विषय येणार, अशी बोलवा आहे. चेअरमनसाहेबांनी व संचालक मंडळाने हे मनावर घेतले ही गोष्ट चांगलीच आहे. सहकाराला हे काम नवे नाही. प्रवरेच्या माणसांनी लोणीला आणि कृष्णेच्या माणसांनी कराडला रुग्णालये उभी केली, ती सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहेत. तरीपण या विषयावर आम्हाला चार शब्द वेगळे बोलायचे आहेत. आमचे काम उसाचे. लागण, बेणे, खत, पाणी यापलीकडे आम्ही बोलू नये, असे कुणी म्हणेल. पण या आजारातही निम्मा प्रश्न पाण्याचाच निघाला, म्हणून लेखणी उचलली.

गटातून हिंडताना पूर्वी डायलिसिसवरचा माणूस क्वचित भेटायचा. आता नोंदीसाठी बांधावर उभे राहिले, की सभासद आधी उसाचे बोलतो आणि मग हळूच म्हणतो, "साहेब, मंगळवारी मोजणीला येऊ नका, मंगळवार-गुरुवार-शनिवार आमचा दवाखान्याचा वार हाय." एका गटातल्या एका सभासदाचे वय बेचाळीस. अडीच एकर खोडवा. आठवड्याचे तीन दिवस तो नवरा-बायको दोघेही रानात नाहीत. पाचट तसेच पडून, पाणी पाळीला कुणी नाही, खत वेळेवर नाही. अशा शेताचा उतारा कमी का पडला, याचा अहवाल आम्ही काय लिहायचा?

आधी थोडे या उपचाराविषयी. आपली मूत्रपिंडे रक्तातली घाण व जादा पाणी रात्रंदिवस काढून टाकत असतात. ती निकामी झाली, की हे काम बाहेरून करावे लागते. १९४३ साली हॉलंडमध्ये, जर्मन लष्कराच्या ताब्यातल्या देशात, कोल्फ नावाच्या डॉक्टरने सॉसेज भरण्याच्या सेलोफेनच्या नळ्या एका फिरत्या पिंपाला गुंडाळून पहिले कृत्रिम मूत्रपिंड केले. आजचे मशीन दिसायला निराळे, तत्त्व तेच. बारीक पडद्याच्या एका बाजूने रक्त, दुसऱ्या बाजूने औषधी द्रावण. रक्तातली घाण पडद्यातून द्रावणात उतरते. सर्वसाधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. हा काही बरे करणारा उपचार नव्हे. मूत्रपिंड बदलून मिळेपर्यंत, किंवा न मिळाल्यास जन्मभर, तो चालू ठेवावा लागतो.

आता हिशेब बघा. ते द्रावण दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर वाहते. चार तासांचे झाले १२० लिटर. आठवड्याचे ३६०. वर्षाला १५६ फेऱ्या धरल्या तर पावणेएकोणीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारी दोन टँकरना थोडेच कमी. तुम्ही-आम्ही आठवड्याला वीसएक लिटर पाणी पितो. तेही पोटातून, आतड्यातून गाळून रक्तात जाते. या माणसाच्या रक्ताला मात्र पाण्याचा टँकर भिडतो, आणि मध्ये आडवा फक्त एक पातळ पडदा असतो. पिण्याला चाललेले पाणी डायलिसिसला चालत नाही, ते याच कारणाने.

आम्ही त्या केंद्रात तीन वेळा जाऊन आलो. एकदा सभासदाला भेटायला, दोनदा मुद्दाम. केंद्राचे नाव लिहीत नाही, कारण नावाने काही साधत नाही आणि तिथली माणसे वाईट नाहीत. सिस्टरबाई प्रत्येक रुग्णाला नावाने ओळखतात, कुणाच्या मुलीचे लग्न कधी आहे हेही त्यांना ठाऊक. पाच मशिने, तीन पाळ्या. खाटांवरच्या चादरी स्वच्छ. भिंतीवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या ओळीने लावलेल्या. प्रत्येक मशिनावर कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ. पाण्याच्या खोलीत मात्र एकही पाटी नाही. तिथे कुणाच्या स्मरणार्थ काही दिलेले दिसले नाही.

ती खोली जिन्याखाली आहे. नगरपालिकेचे पाणी गच्चीवरच्या टाकीत, तिथून वाळूच्या फिल्टरमधून, मग कोळशाच्या, मग मिठाच्या, मग आर.ओ.च्या पडद्यातून मशिनांना. नगरपालिकेचे पाणी आले नाही तर बोअरचे, तेही नसेल तर टँकरचे. टाकीचे झाकण अर्धे सरकलेले होते. कोळसा केव्हा बदलला म्हणून विचारले तर तंत्रज्ञ पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला, "मी लागल्यापासून तरी नाही." त्याला लागून चौदा महिने झाले होते. भिंतीवर तपासणीचा तक्ता टांगलेला, त्यात पहिल्या दोन महिन्यांच्या सह्या, पुढे कोरा.

ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना यातले निम्मे आम्ही न सांगताच कळेल. वाळूचा फिल्टर उलटा धुतला नाही तर काय होते? दाब पडतो, ड्रिपर बुजतात, शेवटच्या सऱ्या वाळतात. ठिबक बसवायच्या आधी आपण पाण्याचा नमुना बाटलीत घालून प्रयोगशाळेला धाडतो, क्षार किती, कॅल्शियम किती, ते बघून मगच कंपनीला आगाऊ रक्कम देतो. उसाच्या मुळाशी जाणाऱ्या पाण्याची एवढी काळजी, आणि माणसाच्या रक्ताशेजारून जाणाऱ्या पाण्याचा कागद मागायचे आजवर कुणाच्या मनात आले नाही.

या चार फिल्टरांत कोळशाचे काम सगळ्यांत महत्त्वाचे. नगरपालिका पाण्यात ब्लिचिंग टाकते, पावसाळ्यात जास्त टाकते. त्यातला क्लोरीन पोटात गेला तर काही होत नाही. डायलिसिसच्या द्रावणातून रक्ताला भिडला तर तांबड्या पेशी फुटतात. आधीच रक्त कमी असलेला माणूस आणखी पांढरा पडतो आणि घरचे म्हणतात, आजारच वाढला. म्हणून कोळशापुढच्या पाण्यातला क्लोरीन प्रत्येक पाळी सुरू होण्यापूर्वी तपासायचा असतो. कागदाची पट्टी बुडवायची, रंग बघायचा, वहीत लिहायचे. पाच मिनिटांचे काम. दुसरी तपासणी जंतूंची, ती महिन्याला. पाण्याच्या पाइपांत जंतू वाढले, तर खाटेवर पडल्या पडल्या माणसाला हुडहुडी भरते, ताप चढतो. "डायलिसिस बाधलं" असे म्हणून लोक घरी जातात आणि पुढच्या वेळी यायला कुरकुर करतात. ताप मानेतल्या नळीच्या जंतुसंसर्गानेही येतो, ते डॉक्टरांनी बघायचे. पण एकाच पाळीत दोघा-तिघांना हुडहुडी भरली तर आधी पाण्याकडे बोट जायला हवे.

हे आम्ही घाबरवायला लिहीत नाही. पण पाण्याने काय होऊ शकते याचे एक उदाहरण जगात घडून गेलेले आहे, ते सांगितलेच पाहिजे. ब्राझीलमध्ये पेर्नाम्बुको म्हणून राज्य आहे, तेही उसाचेच. तिथल्या कारुआरू या गावच्या एका डायलिसिस केंद्रात १९९६ च्या फेब्रुवारीत १००हून अधिक रुग्ण आजारी पडले आणि ५०हून अधिक दगावले. कारण निघाले ते तलावाच्या पाण्यातले निळे-हिरवे शेवाळ. त्याचे विष पुरेसे शुद्ध न केलेल्या टँकरच्या पाण्यातून केंद्रात आले आणि लोकांची यकृते निकामी झाली. मशिने शाबूत होती. उन्हाळ्यात आपल्या पाझर तलावांवर आणि बंधाऱ्यांवर हिरवी साय धरते ती पाहिलेली आहेच ना आपण सर्वांनी? तेच पाणी टँकरला भरले जाते.

दुसरी गोष्ट वजनाची व वेळेची. कारखान्याच्या काट्यावर सभासदाचे डोळे किती बारीक असतात हे आम्हाला ठाऊक आहे. भरली गाडी किती, मोकळी किती. दहा किलोचा फरक आला तरी गटऑफिसला भांडण येते, आणि यायलाच पाहिजे. डायलिसिसलाही असाच काटा असतो. येताना वजन, जाताना वजन. मधल्या दोन दिवसांत अंगात जेवढे पाणी साठले तेवढे मशिनाने काढायचे, असा हिशेब. म्हणून काटा बरोबर हवा. आम्ही स्वतः त्या काट्यावर दोनदा उभे राहिलो, दोन्ही वेळा निराळे वजन दाखवले. सोळाशे-दोन हजारांच्या वस्तूपायी माणसाच्या अंगातले पाणी कमी-जास्त निघते, ते असे.

वेळेचे तर विचारू नका. चार तासांची पाळी साडेतीनवर येते, गर्दीच्या दिवशी तीनवर. समजा, एखाद्याच्या अंगात तीन लिटर पाणी साठले. चार तासांत काढले तर तासाला पाऊण लिटर. तीन तासांत काढले तर तासाला एक लिटर. मग बी.पी. पडते, पायाला पेटके येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. माणूस ओरडतो, "काढा, काढा." काढतात. घाण निम्मी आतच राहते. असे महिनोन्महिने चालले की माणूस खंगतो. मग नातेवाईक म्हणतात, डायलिसिस करून तरी काय उपयोग झाला! वास्तविक डायलिसिस पुरते झालेलेच नसते.

इथे कुणीही म्हणेल, म्हणूनच तर आणखी दोन मशिने पाहिजेत, म्हणजे गर्दी हटेल, वेळ पुरा मिळेल. वरवर पाहता हे बरोबर आहे, पण तिसऱ्या पाळीला पाच खाटांवर एकच तंत्रज्ञ असतो. सात खाटा झाल्यावरही तो एकच असणार. एकाची सुई निघाली, दुसऱ्याचे बी.पी. पडले, तिसऱ्याच्या मशिनाची घंटा वाजतेय, अशा वेळी तो पोरगा हातमोजे बदलणार कधी? आणि हातमोज्यांत खरोखरच जीव आहे. एका रुग्णाच्या रक्ताचा अंश दुसऱ्याला लागला तर काविळीचे विषाणू, ब आणि क, पसरतात. ब काविळीच्या रुग्णाला मशीनच वेगळे द्यावे लागते. दोन रुग्णांच्या मध्ये मशीन बाहेरून पुसून घ्यावे लागते. डायलायझर धुऊन पुन्हा वापरत असतील तर त्यावर त्या रुग्णाचे नाव हवे आणि तो दुसऱ्या कुणाला चुकूनही लागता कामा नये. ही सगळी हातांची कामे आहेत. शिवाय दोन मशिने वाढली की पाण्याची मागणी वाढली. आजच दिवसाला पंधरा फेऱ्यांचे १,८०० लिटर शुद्ध पाणी लागते. जिन्याखालचा तो आर.ओ. आताच धापा टाकतोय. विहीर तीच ठेवून क्षेत्र वाढवले की काय होते, हे उसवाल्याला आम्ही काय सांगावे.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की दोनऐवजी यंदा एकही मशीन देऊ नये. त्या रकमेतून आधी पाण्याची खोली नीट करावी: मोठा आर.ओ., नवा कोळसा, झाकणाची टाकी, आणि दर महिन्याच्या जंतूंच्या तपासणीचा खर्च. कारखान्याची स्वतःची प्रयोगशाळा आहे, केमिस्ट मंडळी आहेत. जंतूंची तपासणी त्यांच्या आवाक्यातली नाही, ती बाहेर पाठवावी. पण क्लोरीन, क्षार आणि कठीणपणा तर आपलीच माणसे बघू शकतात. हंगाम संपल्यावर मग विचारायलाच नको. तपासणीचा कागद केंद्राच्या दारात लावावा आणि त्याची नक्कल या पत्रिकेत छापावी, जसा आपण साखर उतारा छापतो.

दुसरे, सभासदांच्या मुलामुलींपैकी दोघांना डायलिसिस तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला कारखान्याने स्वखर्चाने पाठवावे, अट एवढीच की शिकून आल्यावर काही वर्षे इथेच काम करायचे. बाहेरून आलेला तंत्रज्ञ शहरात जागा मिळाली की जातो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी आपण असतो तर गेलोच असतो.

पाट्यांचा मोह असणाऱ्यांना आम्ही सांगू, की आर.ओ.च्या टाकीवरही पाटी लावता येते. जिन्याखाली ती कुणी वाचणार नाही, हे मात्र खरे.

पैशाचे थोडे बोलू. केंद्र सरकारने २०१६ च्या अंदाजपत्रकात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागले. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिस बसते, आणि २०२३ साली राज्य सरकारने ही योजना सर्व कुटुंबांसाठी खुली करायचे ठरवले. तेव्हा मशिनावर झोपायचे पैसे पूर्वीसारखे लागत नाहीत. पण "मोफत" हा शब्द ऐकून फसू नये. रक्तवाढीची इंजेक्शने अनेकदा बाहेरून आणायला सांगतात. ती योजनेत बसतात की नाही, हे आरोग्यमित्राला स्पष्ट विचारावे आणि चिठ्ठीवर लिहून मागावे. आणि सर्वांत मोठा खर्च प्रवासाचा. रुग्ण एकटा येऊ शकत नाही, सोबत एक माणूस हवा, म्हणजे दोघांचे भाडे, दोघांचा रोजगार बुडाला, आठवड्यातून तीनदा. सकाळी सहाच्या पाळीला यायचे तर एस.टी. नाही, वडाप भरल्याशिवाय हलत नाही. परतताना माणूस पिळून काढल्यासारखा झालेला असतो, तो स्टँडवर बाकड्यावर आडवा होतो. गटातल्या एका म्हातारीने गेल्या उन्हाळ्यात तिसरी फेरी सोडूनच दिली होती. का, तर म्हणे, "लेकाचं किती दिवस मोडायचं?" योजनेच्या कागदावर तिचे डायलिसिस मोफतच होते.

हंगामात तर नाक्यापासून गव्हाणीपर्यंत ट्रॉल्यांची रांग लागते. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळणावर अडला की तासभर रस्ता बंद. त्यात पहाटेच्या पाळीचा रुग्ण अडकला की उशीर त्याच्या चार तासांतून वजा होतो, कारण पुढच्या पाळीचा माणूस दारात उभा असतो. हे तर आपल्या हातातले आहे. पहाटे पाच ते सहा आणि दुपारी पाळी बदलायच्या वेळी नाक्यावर एक माणूस उभा करून रांग एका अंगाला ठेवता येईल. ऊसपुरवठा विभागाने मनावर घेतले तर दोन दिवसांत जमेल. तसेच गटऑफिसच्या जीपगाड्या रोज कारखान्यावर येतात-जातात, बिगरहंगामात तर मोकळ्याच असतात. त्यांतून रुग्णांना आणा-न्यायला काय हरकत आहे? डिझेलचा खर्च दोन मशिनांच्या मानाने काहीच नाही.

रुग्णांच्या घरच्यांसाठी दोन गोष्टी. डायलिसिससाठी हातावर शस्त्रक्रिया करून जी शीर जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. तो तयार व्हायला काही आठवडे जातात, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यावर लगेच करून घ्यावा. मानेतली नळी ही तात्पुरती सोय आहे, तिच्यावर महिनोन्महिने काढू नयेत. त्या हाताला बी.पी.चा पट्टा नको, दुसरी सुई नको, आणि त्या हाताने मोळी उचलायची नाही, वैरणीचा भाराही नाही. दुसरे खाण्याचे. आपण उसाला जो पालाश टाकतो तो म्हणजे पोटॅशियमच. उसाला तो लागतो, पण मूत्रपिंड गेलेल्या माणसाच्या रक्तात तो साठला तर काळीज बंद पडू शकते. केळी, शहाळ्याचे पाणी, काकवी आणि गूळ यांत पोटॅशियम भरपूर. पाहुणा आजारी माणसाला बघायला येतो तो शहाळे घेऊनच येतो, त्याला कोण सांगणार? उसाच्या मळ्यात राहून रसाचा पेला दूर सारायचा, हे कठीण आहे. पण करावे लागते.

आणि जे अजून धडधाकट आहेत त्यांनी साखर व बी.पी. वर्षाला एकदा तरी तपासावे. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून मनाने घेऊन महिनोन्महिने खाऊ नयेत. त्या मूत्रपिंडावर येतात. मध्य अमेरिकेत, निकारागुआ आणि एल साल्वादोर या देशांत, उन्हात ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे मोठ्या प्रमाणात निकामी झाली, त्यांना ना मधुमेह होता ना बी.पी. ऊन, कष्ट आणि पाण्याची कमतरता यांचा त्यात मोठा वाटा असल्याचे तज्ज्ञ मानतात, आणि तिथल्या काही कारखान्यांनी पाणी, विश्रांती व सावली देण्याचे नियमच केले. आपल्या टोळ्या मार्च-एप्रिलच्या उन्हात भर दुपारी कोयता चालवतात. फडाच्या कडेला पाण्याचे पिंप आणि ताडपत्रीची सावली ठेवायला मुकादमाची परवानगी लागत नाही. ती माणसे आपली सभासद नाहीत, पण ऊस आपलाच तोडतात. हा विषय स्वतंत्र आहे, त्यावर पुढे केव्हातरी सविस्तर लिहू.

सभेपुढे विषय यायचा तर उपसूचना लेखी, मुदतीत द्यावी लागते. आमच्या पदाच्या माणसाला सभेत मतदान नाही. ते सभासदांचे काम. ज्यांना वरील म्हणणे पटेल त्यांनी आपल्या गटाच्या संचालकांशी बोलावे, आणि शक्य झाल्यास एकदा केंद्रात जाऊन ती जिन्याखालची खोली स्वतः बघून यावी. तिथली मंडळी अडवत नाहीत, उलट चहा देतात.

जीपगाडीच्या मार्गाचा कच्चा आराखडा आम्ही करायला घेतला आहे. ज्यांच्या घरी डायलिसिसवरचा रुग्ण आहे त्यांनी गाव, वार व पाळीची वेळ एवढेच एका चिठ्ठीवर लिहून आपल्या गटऑफिसात द्यावे. सभासद असो वा नसो, चिठ्ठी घेतली जाईल. आजवर अकरा चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांपैकी सात नदीपलीकडच्या गावांतल्या. पुलाचे काम चालू असल्याने त्या बाजूला गाडी पहाटे साडेचारला काढावी लागेल, हे त्या कुटुंबांनी ध्यानात घ्यावे.

— ऊस विकास अधिकारी